भाजी केव्हा तोडावी?

(बदलापूरजवळच्या एका साक्षरता वर्गात झालेले भाषण)



आज मी तुम्हांला पेरणी शिकवायला उभा नाही. पेरणी तुम्हांला माझ्यापेक्षा चांगली येते. मी शाळेत मुलांना अक्षरे शिकवली, तुम्ही जमिनीत बी रुजवलेत. दोन्ही कामांना धीर लागतो. पण एक काम असे आहे की तिथे धीर फार धरला तर नुकसान होते. ते काम म्हणजे भाजीची काढणी. आज तेवढ्यावरच बोलू.

आपल्या भागात घरोघरी काही ना काही लावलेले असते. दारात दुधीचा वेल, कुंपणावर दोडका, मांडवावर पडवळ आणि कारली, न्हाणीच्या पाण्यावर अळू. उल्हास नदीच्या काठाला भाजीचे मळे आहेत. घरची भाजी घरी खातात, उरली तर बायका टोपली घेऊन सकाळच्या गाडीने जातात. कोणी बदलापूरच्या स्टेशनाबाहेर बसते, कोणी अंबरनाथला, कोणी उल्हासनगरला.

टोपली उतरवली की गिऱ्हाईक काय करते? ते दुधीला नख लावते. भेंडीचे टोक मोडते. नख रुतले नाही, टोक मोडले नाही, की ते पुढच्या टोपलीकडे जाते. भाव विचारीतही नाही. मग संध्याकाळी तीच भाजी मिळेल त्या भावाने द्यावी लागते, नाहीतर परत आणून गुरांना घालावी लागते. पाणी घातले, खत घातले, राखण केली, आणि दोन दिवस उशीर झाला म्हणून सगळे वाया गेले. म्हणून हा विषय लहान नाही.

वेलीला काय हवे असते?

आपल्याला भाजी हवी असते. वेलीला भाजीशी काही देणेघेणे नाही. वेलीला बी हवे असते. फूल, फळ, गर, साल, ही सगळी तिची खटपट बियांसाठी आहे.

फळ कोवळे असते तेव्हा बी मऊ, पांढरे, पाणीदार असते. तेव्हा तुम्ही फळ तोडलेत तर वेल म्हणते, "माझे काम अजून झाले नाही." ती पुन्हा फुले काढते, पुन्हा फळे धरते. पण तुम्ही फळ वेलीवर जून होऊ दिलेत, तर वेलीचा सगळा जोर त्या एका फळातल्या बियांकडे जातो. नवी फुले कमी येतात. आलेली लहान फळे पिवळी पडून गळतात. बी पक्के झाले की वेल समजते, आपले काम झाले. मग ती वाळू लागते.

काकडीचे पाहा. एक काकडी पानाआड राहून पिवळी झाली की तो वेल मंदावतो. भेंडीचेही तसेच. झाडावर चार शेंगा निबर राहिल्या की वरची फुले कमी होतात. म्हणून जाणता माळी निबर झालेली भेंडीसुद्धा तोडून टाकतो. ती खायची नसते, विकायची नसते. तरी ती तोडली म्हणजे पुढची भेंडी येते.

पुष्कळ घरी असे म्हणतात, "अजून थोडी मोठी होऊ दे, वजन वाढेल." एका दुधीचे वजन वाढेल हे खरे. पण त्याच्यामागचे दोन दुधी येणार नाहीत, आणि वाढलेला दुधी कोणी घेणार नाही. हिशेब करून बघा. वेळेवर तोडणारा जास्त मिळवतो.

फूल उमलले ती तारीख लिहा

आता तुम्ही म्हणाल, वेळ ओळखायची कशी? त्यासाठी तुम्ही नुकतीच शिकलेली विद्या उपयोगाला येते.

दुधी, दोडका, काकडी, कारले, भोपळा, या वेलींना दोन तऱ्हेची फुले येतात. एका फुलाच्या मागे नुसता बारीक देठ असतो. ते नर फूल. दुसऱ्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे इवलेसे फळ असते. ते मादी फूल. फळ धरते ते मादी फुलालाच. हे फूल उमलले त्या दिवशी त्याच्याजवळ एक दोरा सैल बांधा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकटीत लिहा : "दुधी." बस्स, एवढेच. मग दिवस मोजा.

भेंडी फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत तोडायला येते. दोडका आठवड्याभरात. काकडी आठ-दहा दिवसांत. दुधी दहा ते पंधरा दिवसांत. कारले आणि पडवळ बारा ते पंधरा दिवसांत. हे आकडे म्हणजे काही रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. थंडीत फळ हळू वाढते. पावसाची उघडीप पडून ऊन आले की भरभर वाढते. बियाण्याच्या जातीप्रमाणेही फरक पडतो. आपल्या कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काही जाती काढल्या आहेत. कारल्याची कोकण तारा, दोडक्याची कोकण हरिता, पडवळाची कोकण श्वेता. तुमच्या घरच्या बियाण्यापेक्षा त्यांचे दिवस थोडे मागेपुढे होतील. पण एक हंगाम तुम्ही तारखा लिहिल्यात की तुमच्या वाडीचे आकडे तुमच्या हाती येतील. पुढच्या वर्षी कोणाला विचारावे लागणार नाही.

तारीख म्हणजे नुसती सूचना. तारीख जवळ आली की वेलीजवळ जायचे, आणि मग डोळ्यांनी, हातांनी बघायचे.

कोवळेपणी खायच्या भाज्या

दुधी : कोवळ्या दुधीवर बारीक मऊ लव असते. हात फिरवला की कळते. साल हिरवी, कोवळी, तजेलदार असते. हलके नख लावले तर सहज रुतते. लव झडली, साल पांढुरकी आणि कडक झाली, की उशीर झाला. पण विकायच्या दुधीला नखे लावीत सुटू नका. नखाची जागा काळी पडते. एकाला लावून बघा, बाकीचे त्यावरून ओळखा.

दोडका, म्हणजे आपले शिराळे : शिरा उठून दिसाव्यात, पण बोटाने दाबल्या तर वाकाव्यात. शिरा टोचू लागल्या की आत जाळी धरली समजा.

घोसाळे : हे तर फार फसवे. चार दिवस विसरलात तर आत दोरेच दोरे. मग ते अंग घासायलाच बरे.

कारले : टणक आणि हिरवेगार असताना तोडा. खवले भरलेले असावेत. टोकाकडे पिवळसर झाक आली की आतले बी लाल होऊ लागते. ते कारले टोपलीत दुसऱ्या दिवशी उकलते.

काकडी : रंग एकसारखा, अंग टणक, देठ हिरवा. पोट फुगले, रंग फिकट पिवळा झाला, की आत बी भरले.

ढेमसे : आपल्याकडे हे कमी लावतात. पण उल्हासनगरात याला चांगले गिऱ्हाईक आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहिली. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी आणि पंजाबी घरांत या भाजीची आवड आहे. ढेमसे लहान, हिरवे, लव असलेले हवे. मोठे झाले की बी कडक होते, आणि जाणती गृहिणी ते हातात घेऊन खाली ठेवते.

भेंडी : टोक वाकवले तर कटकन मोडले पाहिजे. नुसते वाकले आणि तुटले नाही, तर ती निबर. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. लग्नाला गेलात, बाजाराला गेलात, तरी शेजारणीला सांगून जा.

गवार : शेंग मोडली तर दोरा निघता कामा नये. शेंगेवर बियांचे फुगवटे दिसू लागले की ती जून झाली.

वांगे : वांग्याची चकाकी बघा. साल आरशासारखी चमकते तोवर वांगे कोवळे. अंगठ्याने हलके दाबले तर खळगा लगेच भरून यावा. चकाकी गेली, रंग मळका झाला, की आत बी काळपट आणि कडक.

शेवगा : शेंग वाकवली तर वाकली पाहिजे. आतल्या बिया बाहेरून गाठीसारख्या दिसू लागल्या की साल चोयटीसारखी होते.

पालेभाज्या : माठ, मेथी, पालक, कोथिंबीर यांचा नियम सोपा आहे. फुलाचा तुरा यायच्या आत काढा. तुरा आला की पान लहान आणि चरबरीत होते. मेथी आणि माठ साधारण महिन्याभरात तयार होतात. मुळाही फार दिवस जमिनीत ठेवू नये. आतून पोकळ होतो.

पिकल्यावर काढायच्या भाज्या

आता दुसरी बाजू. काही भाज्यांना घाई चालत नाही. इथे मात्र धीर धरावा लागतो.

लाल भोपळा हा त्यांतला मोठा. तयार भोपळ्याची तीन लक्षणे आहेत. एक, देठ वाळून लाकडासारखा होतो. दोन, सालीला नख रुतत नाही. तीन, सालीचा हिरवा रंग जाऊन तांबूस पिवळा किंवा तपकिरी रंग येतो. तिन्ही जुळली की काढा. काढताना देठ ओढू नका. विळ्याने चार बोटे देठ ठेवून कापा. देठ मुळातून निघाला तर त्या भोकातून पाणी शिरते आणि भोपळा कुजतो. भोपळा देठाला धरून उचलूही नका. कोरड्या, हवेशीर जागी ठेवलात तर तो दोन-तीन महिने टिकतो. घरात काही नसेल त्या दिवशी तो उपयोगी पडतो.

कोहळ्यावर राखेसारखी पांढरी पूड चढते. ती पूड नीट चढली की कोहळा पिकला.

पावसाळी मोठी काकडी, जिला आपण तवसे म्हणतो, ती मुद्दाम वेलीवर जून होऊ देतात. मग दोरीने आढ्याला टांगून ठेवतात. पुढे कित्येक दिवस तिचे गोड पदार्थ होतात.

सुरण आणि हळद यांना पाने सांगतात. पाने पिवळी पडून माना टाकू लागली की कंद भरला. त्याआधी खणलात तर कंद लहान, पाणीदार, न टिकणारा.

भात कापल्यावर आपण ओलीवर वाल पेरतो. वालाचे दोन्ही प्रकार करता येतात. हिरव्या शेंगा हव्या असतील तर दाणा भरला पण शेंग हिरवी आहे तोवर काढा. बिरड्याचे कडवे वाल हवे असतील तर शेंग झाडावर वाळू द्या. वाळलेल्या शेंगा सकाळी दवात काढा. दुपारी उन्हात काढायला गेलात तर शेंगा तडकतात आणि दाणे शेतातच सांडतात.

टोमॅटो आणि मिरची मधल्या आहेत. टोमॅटोला तळाशी गुलाबी झाक आली की तो घरात ठेवूनही पिकतो. बाजाराला न्यायचा असेल तर तेव्हा काढा. घरी खायचा असेल तर झाडावर लाल होऊ द्या. मिरची हिरवी तोडत गेलात तर झाड फुलत राहते. लाल मिरची हवी असेल तर थोडी झाडे त्यासाठी वेगळी ठेवा.

एक फळ राखून ठेवा

सगळेच तोडून विकायचे नाही. वेलीवरचे एक चांगले, सरळ, निरोगी फळ बियाण्यासाठी राखा. त्याला लाल चिंधी बांधा, म्हणजे घरातले कोणी चुकून तोडणार नाही. एका वेलीवर एकच राखा, आणि तेही वेलीने आधी चार-सहा फळे दिल्यावर.

बियाण्याचा दुधी वेलीवरच पुरता वाळू द्यावा. साल लाकडासारखी होते. हलवला की आत बिया खुळखुळतात. तेव्हा फोडावा. या वाळलेल्या फळाची किंमत आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधायची रीत होती. मिरजेला तंबोरे करणारे कारागीर आहेत. तंबोऱ्याचा खालचा गोल भाग असाच वाळलेल्या भोपळ्याचा असतो. ते भोपळे पंढरपूरच्या बाजूला पिकतात. दहाव्या-पंधराव्या दिवशी तोडला तर भाजी, आणि महिनोन्‌महिने वाळला तर वाद्य. वेल तीच, वेळ निराळी.

दुकानातून आणलेल्या संकरित बियाण्याच्या फळाचे बी मात्र राखू नका. ते पुढच्या वर्षी तसेच येत नाही. पाकिटावर "संकरित" हा शब्द लिहिलेला असतो. आता तुम्हांला तो वाचता येतो.

कडू दुधीपासून सावध

आता एक गंभीर गोष्ट सांगतो. ती नीट ऐका आणि घरी सांगा.

दुधी कधी कधी कडू निघतो. पाण्याचा ताण पडला, ऊन कडक झाले, किंवा कडू जातीच्या वेलीशी संकर झालेले बी पेरले, तर असे होते. बाहेरून काही दिसत नाही. हा कडूपणा म्हणजे विष आहे. शिजवल्याने ते जात नाही. साखर-मीठ घातल्याने चव झाकते, विष तसेच राहते.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञांनी कडू दुधीचा रस प्याला. ते औषध म्हणून रोज रस पीत असत. त्या दिवशी रस कडू लागला. तरी त्यांनी पिऊन टाकला. त्यात त्यांचा मृत्यू झाला. शिकलेला माणूस, तरी फसला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. त्यांनी लोकांना साधा सल्ला दिला. दुधीचा लहानसा तुकडा आधी जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि तो दुधी टाकून द्या. तरीही २०१८ साली पुण्यात दुधीचा रस पिऊन एक बाई दगावल्या.

म्हणून दुधी चिरला की आधी चव बघा. काकडी, दोडका, घोसाळे कडू लागले तरी हाच नियम. कारल्याचा कडूपणा निराळा. तो त्याचा जातीचाच आहे, त्याला भिऊ नका. कडू दुधी पोटात गेला आणि उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपाय करीत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. आणि ज्या वेलीला कडू दुधी आला, तिचे बी पुन्हा पेरू नका.

औषधाची बाटली वाचा

कीड पडली की लोक दुकानातून औषध आणून फवारतात. गरज नसेल तर फवारू नये. पण फवारलेच, तर बाटलीवरचा कागद वाचल्याशिवाय भाजी तोडू नका. फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी करावी, हे तिथे लिहिलेले असते. तेवढे दिवस थांबायचेच. बाटलीवर रंगीत त्रिकोणही असतो. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. भेंडी दर दोन दिवसांनी तोडावी लागते. मग आज फवारून उद्या तोडलेली भेंडी कोणाच्या पोटात जाते? आपल्याच पोरांच्या, नाहीतर दुसऱ्याच्या पोरांच्या. दोन्ही सारखीच.

पाण्याचेही असेच. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी मिसळते. अशा पाण्यावर भाजी करू नये. पानावरची घाण धुऊन जाईल. पण मुळांनी शोषून घेतलेले धुऊन जात नाही.

तोडायची रीत

भाजी सकाळी लवकर तोडा. तेव्हा ती गार आणि ताजी असते. वेल हिसकू नका, मुळे दुखावतात. विळी, चाकू किंवा कात्री वापरा आणि थोडा देठ ठेवा. टोपलीत खाली केळीचे पान किंवा गवत घाला. जड भाजी खाली, हलकी वर. तोडलेली भाजी उन्हात ठेवू नका. गाडीला वेळ असेल तर सावलीत ओले फडके झाकून ठेवा. पालेभाजीची जुडी बांधताना पिवळे पान काढून टाका. एका पिवळ्या पानाने सगळी जुडी शिळी दिसते.

मंडळी, आपल्या भाषेकडे बघा. आपण भेंडी तोडतो, मेथी खुडतो, मुळा उपटतो, सुरण खणतो, भात कापतो. प्रत्येकाला निराळा शब्द आहे. कारण प्रत्येकाची रीत निराळी, आणि वेळही निराळी. हे शहाणपण तुमच्या घरात पूर्वीपासून आहे. म्हातारी माणसे नुसत्या नजरेने सांगत, "आज काढा." त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून पुष्कळसे त्यांच्याबरोबर गेले. तुम्हांला आता लिहिता येते. तुमच्या वाडीतला दुधी किती दिवसांत येतो, वाल कधी भरतो, हे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. ते तुमच्या वहीत उतरवा.

उद्या सकाळी मांडवाखाली जा. एक मादी फूल शोधा, त्याला दोरा बांधा आणि तारीख लिहा. पुढच्या वर्गाला येताना ती वही घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.